बासष्ट किलोंचा हिशोब

माझ्या बाबांना दोन गोष्टींचा जबरदस्त अभिमान आहे. एक म्हणजे कोयना प्रकल्पाचं पोफळीचं पॉवर हाउस, जिथे त्यांनी तीस वर्षं शिफ्ट केल्या. आणि दुसरी म्हणजे त्यांचं वजन. बासष्ट किलो! लग्नात ६२, माझ्या बारशाला ६२, निरोप समारंभाला ६२ आणि आता एकोणसत्तराव्या वर्षीही ६२. "नोकरी बदलली नाही, बायको बदलली नाही, वजन बदललं नाही," हा त्यांचा पेटंट डायलॉग. त्यावर आई दरवेळी ठरलेल्या सुरात पुटपुटते, "आणि पँटीची कंबर दर दोन वर्षांनी उसवून कोण वाढवतं, ते नाही सांगायचं."

आईच्या या एका वाक्यात आख्खं वैद्यकशास्त्र होतं, हे पुढे कळलं.

ज्यांनी पोफळी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चिपळूणहून कराडकडे निघालात की कुंभार्ली घाट चढायच्या आधी, सह्याद्रीच्या अगदी पायाशी हे गाव लागतं. वर शिवसागर जलाशय. त्यातलं पाणी डोंगराच्या पोटातून पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतं आणि डोंगराच्या आतच कोरलेल्या वीजगृहात टर्बाइन फिरवतं. १९६२ पासून हे चालू आहे. मुळात पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळणारं हे पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरतं. तुमच्या ऑफिसातला एसी ज्या ग्रिडवर चालतो, त्या ग्रिडला संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी हात देणाऱ्यांत आमची कोयना आहे, हे बाबा कुणालाही, अगदी रिक्षावाल्यालाही सांगतात.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावी लागली. मग बाबांनी गावातच छोटंसं घर बांधलं. मागे पोफळीची बाग, म्हणजे आपल्या सुपारीची झाडं, आणि रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाच्या चौतीस पायऱ्या. पूर्वी तांदळाची गोणी खांद्यावर टाकून ते या पायऱ्या एका दमात चढायचे. गेल्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा मोकळ्या हातांनी चढतानाही अठराव्या पायरीवर थांबले. "जरा मोबाइल बघतो," म्हणाले. त्या पायरीवर रेंज येत नाही. जेवून पाटावरून उठताना एक हात भिंतीला. लोणच्याच्या बरणीचं झाकण न बोलता आईकडे. आणि वजन? ६२!

दादा सिंगापूरला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याने निकाल देऊन टाकला, "दोघांना पुण्याला आण. आता एकटं ठेवायचं नाही." माझा पुण्यातला टू-बीएचके सातव्या मजल्यावर आहे. बाबा त्या दिवशी जेवले, बातम्या बघितल्या, झोपले. पण दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. बागेतल्या प्रत्येक झाडाला नंबर देणाऱ्या माणसाला सातव्या मजल्यावर नेऊन काय करायचं, हा प्रश्न मलाही होता. पण नुसत्या भावनेवर दादाशी भांडता येत नाही, तो एक्सेल शीटवाला माणूस आहे. त्याच्यापुढे आकडे ठेवावे लागतात.

म्हणून मग स्कॅन.

काटा बोलतो, पण अर्धंच

वजनकाटा एकच गोष्ट सांगतो, बेरीज. हाडं, स्नायू, चरबी, पाणी, सकाळचा चहा, सगळं मिळून किती. त्या बेरजेच्या आत काय अदलाबदल चालली आहे, ते त्याला माहीतच नसतं. बीएमआयचंही तेच. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अदोल्फ केतले या गणित आणि खगोलशास्त्राच्या अभ्यासकाने वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र मांडलं. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. लोकसंख्येचा ढोबळ अंदाज घ्यायला ते ठीक आहे. पण एका माणसाच्या आत डोकावायला ते फार तोकडं पडतं.

आणि वय वाढतं तेव्हा नेमकी आतच गडबड होते. तिशी उलटली की स्नायू हळूहळू घटायला लागतात. दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के असा अंदाज सांगितला जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जागा रिकामी झाली की चरबी पाय पसरते, मुख्यतः पोटाभोवती. एक किलो स्नायू गेला, एक किलो चरबी आली, काटा जागच्या जागी! माणूस मात्र बरणीच्या झाकणाशी झगडतोय.

या स्नायू आटण्याला १९८९ मध्ये अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी नाव दिलं, सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. नाव भारदस्त असलं तरी लक्षणं आपल्या घरातलीच आहेत. खुर्चीतून उठताना हातांचा आधार, जिन्यात कठड्याचा आधार, रस्ता ओलांडायच्या आत सिग्नल लाल. पुढे पडणं, खुब्याचं हाड मोडणं आणि मग अंथरूण. "वय झालं" असं म्हणून आपण ज्याच्यावर पांघरूण घालतो, त्यातला बराचसा भाग मोजता येतो. आणि मोजता येतं त्यातलं बरंचसं सुधारताही येतं.

एक पुणेकर, एक लंडनकर

तुम्ही म्हणाल, बारीक माणसाने चरबीची चिंता कशाला करायची? तर ही गोष्ट ऐका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. काट्याच्या आणि सूत्राच्या हिशोबाने अगदी जुळे भाऊ! पण डेक्सा स्कॅन केलं तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नामवंत नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांच्या आडनावांवरून त्याला नाव पडलं वाय-वाय पॅराडॉक्स. पुणेकर माणसाच्या पोटाने जगाच्या वैद्यकशास्त्राला शिकवलेला हा धडा आहे.

याज्ञिकांनी या शरीरयष्टीला 'थिन-फॅट' म्हटलं. दिसायला किडकिडीत, आतून लोणी. हे फक्त बैठ्या नोकरीमुळे होतं असंही नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये त्यांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. म्हणजे आपण पाळण्यातूनच हा घाट घेऊन येतो. म्हणूनच भारतीयांसाठी २००९ मध्ये डॉक्टरांनी एकमताने पट्टी खाली आणली. बीएमआय २३ झाला की जास्त वजन, २५ झाला की लठ्ठपणा. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

हा विषय आमच्या तालुक्यातही पोचलाय बरं का. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे. तिथे रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रामीण किशोरवयीन मुलींचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास सुरू आहे. आज ज्या मुली शाळा-कॉलेजात आहेत, त्यांना पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांसारखे आजार का आणि कसे होतील, हे आधीच ओळखायचा तो प्रयत्न आहे. अभ्यासाच्या लांबलचक इंग्रजी नावातली अक्षरं निवडून 'डेरवण' हेच नाव जुळवलंय. म्हातारपणाची तयारी सोळाव्या वर्षी!

मशीनच्या आत

बाबांना पुण्याला यायला तयार करणं हे स्कॅनपेक्षा अवघड काम. कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कराड, सातारा करत ते दोघे आले ते "फक्त तपासणीसाठी, राहायला नाही" या अटीवर.

डेक्सा म्हणजे एक मऊ टेबल आणि वरून सरकणारा हात. कपड्यांवरचं धातूचं सगळं काढायचं आणि दहा-पंधरा मिनिटं गपगार पडायचं. दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे शरीरातून जातात. हाड, चरबी आणि बाकीचं मांस त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतं, त्यावरून कुठे काय किती आहे याचा हिशोब लागतो. डावा पाय, उजवा पाय, पोट, सगळं वेगळं. रेडिएशन अगदी थोडं, छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी. गरोदर बायकांनी मात्र करायचं नाही. याच मशीनवर हाडांची घनताही कळते, त्यामुळे एका टेबलावर दोन कामं होतात. खर्च? चौघांनी बऱ्यापैकी हॉटेलात जेवण्याइतका.

दुसरा प्रकार तुम्ही जिममध्ये किंवा ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये पाहिला असेल. अनवाणी उभं राहायचं, दोन दांडे हातात धरायचे, मिनिटभरात प्रिंटआउट. याला बायोइम्पीडन्स म्हणतात. शरीरातून अगदी सौम्य, जाणवणारही नाही असा करंट सोडतात. स्नायूंमध्ये पाणी भरपूर, त्यामुळे तिथून तो सहज जातो. चरबीत पाणी कमी, तिथे तो अडतो. किती अडला त्यावरून आतला अंदाज बांधायचा.

हे मी बाबांना समजावायला लागले आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते म्हणाले, "म्हणजे रेझिस्टन्स मोजतात! मग पाणी पिऊन उभा राहिलो तर रीडिंग बदलणार." शंभर टक्के बरोबर. पाणी, जेवण, व्यायाम, घाम, या सगळ्याने या मशीनचा आकडा हलतो. म्हणून ते सकाळी, उपाशीपोटी, व्यायामाच्या आधी आणि दरवेळी त्याच मशीनवर करायचं. पेसमेकर असेल तर या मशीनपासून लांबच राहायचं. बाबांचा पुढचा प्रश्न टेक्निशियनला, "मीटर कॅलिब्रेट केव्हा केलाय?" तो पोरगा बिचारा कंट्रोल रूममध्ये साहेब आल्यासारखा ताठ झाला.

रिपोर्ट आला

बाबांच्या ६२ किलोंपैकी १९ किलोंहून जास्त चरबी, ३१ टक्के. हातापायांमधलं, चरबी आणि हाड सोडून उरलेलं मांस १८.९ किलो. त्याला उंचीच्या वर्गाने भागलं की ६.७. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जी पट्टी ठरवली, तिच्यात डेक्सावर पुरुषांसाठी ७.० ही खालची रेघ आहे, बायकांसाठी ५.४. बाबा रेघेच्या खाली. पण डॉक्टर नुसत्या मांसावर थांबले नाहीत, ताकदही मोजली. हातात स्प्रिंगचं यंत्र देऊन मूठ आवळायला सांगितली. २५ किलो, जिथे पुरुषांना २८ हवेत. हातांची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, त्याला १४ सेकंद. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर घंटा वाजली असं समजायचं.

बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "वजन तर ६२च आहे की," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

खरी मजा आईची. उंची १५२, वजन ६६. आयुष्यभर तिने ऐकलं की 'वजन कमी करा'. तिचा हातापायांचा आकडा आला ५.९ आणि मूठ २२ किलो, जिथे बायकांना १८ हवेत. झाकणं उगीच तिच्याकडे येत नव्हती! घागरी उचलणं, सुपाऱ्या वेचणं, पाट्यावर वाटणं, दिवसातून वीस वेळा खाली बसून उठणं, या सगळ्याची पावती त्या कागदावर होती. म्हणून सगळं आलबेल असंही नाही. कंबर जास्त, साखर काठावर आणि हाडांचा टी-स्कोअर उणे २.१. उणे १ ते उणे २.५ च्या मधलं म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे एकाच घरातली, एकच वरणभात खाणारी दोन माणसं. एकाला स्नायू कमावायचे, दुसरीला कंबर उतरवायची आणि हाडं सांभाळायची. काट्याच्या भाषेत मात्र बाबा 'फिट' आणि आई 'अनफिट'!

आणि हो, माझंही सांगते. ऑफिसच्या कॅम्पमध्ये मी त्या दांड्यांच्या मशीनवर उभी राहिले होते. वजन ५४, बीएमआय २१, आख्ख्या टीममध्ये बारीक म्हणून फेमस. चरबी ३६ टक्के! बापाची लेक शोभते.

पोफळीतली लॉगशीट

डॉक्टरांनी दादाच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलं, "सहा महिने द्या, मग ठरवा." आणि एक जुना अभ्यास सांगितला. १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त मंडळींना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करायला लावला. होते दहाच जण, पण त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी. नव्वदीत! बाबा एकोणसत्तरचे. या हिशोबात ते ज्युनियर.

चिपळूणच्या एका फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचा कार्यक्रम लिहून घेतला. आठवड्यातून तीन दिवस. खुर्चीतून हात न लावता उठणं. भिंतीला हात टेकून दंड. टाचा उचलणं. रबरी पट्टा ओढणं. पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन पायऱ्या, आधी दहा, मग पंधरा. जमायला लागलं की वजन वाढवायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. रोजचं चालणं हृदयाला उत्तम, पण नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. शिवाय पोफळीतला पाऊस! चार महिने फिरायला बाहेर पडणं म्हणजे पोहायलाच जाणं. घरातला व्यायाम पावसाला घाबरत नाही.

मग ताट. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वय झालेल्यांना किलोमागे एक ते १.२ ग्रॅम असावीत, असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. बाबांना साठेक ग्रॅम हवी होती. मी त्यांच्या दिवसभराच्या खाण्याची बेरीज केली तर चाळीसपर्यंत जेमतेम पोचले. कारण सोपं आहे. दात कुरकुरतात, भूक मंदावते, मग चहा-बिस्किट, मऊ भात, पातळ वरण. यावर कुठलाही चॉकलेट फ्लेवरचा डबा आणला नाही. कुळथाची पिठी होती, मोड आलेले मूग होते, बांगडा होता, अंडी होती, दूध होतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात वीसेक ग्रॅम. आईने फक्त प्रमाण बदललं. "भात एक डाव कमी, पिठी एक वाटी जास्त, एवढंच ना? मग त्यासाठी पुण्याला कशाला नेलंस गो?" असं मला ऐकवूनही घेतलं.

पण खरी कमाल लॉगशीटची. पॉवर हाउसमध्ये दर तासाला रीडिंग घेऊन नोंदवायची सवय तीस वर्षांची. बाबांनी वहीत रकाने आखले. तारीख, उठाबशा, बाटल्या किती, अठरावी पायरी थांबून की न थांबता, अंडी, शेरा. शेऱ्यात एके दिवशी लिहिलं होतं, 'गुडघा बोलला, लोड कमी केला.' मी घाईत विचारायची, "या आठवड्यात फरक पडला का?" त्यावर उत्तर, "बाळा, एका रीडिंगवरून मशीन बंद करत नाहीत. ट्रेंड बघायचा."

हा फंडा स्कॅनलाही तंतोतंत लागू आहे. एका रिपोर्टने घाबरायचं नाही आणि एका रिपोर्टने हुरळायचंही नाही. स्नायू वाढायला महिने लागतात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी मशीनवर चढण्यात काही अर्थ नाही. सहा महिने ते वर्षाचं अंतर, तेच मशीन, तीच वेळ.

सहा महिन्यांनी दुसरं स्कॅन झालं. वजन पुन्हा ६२! पण चरबी ३१ वरून २९ टक्क्यांवर, हातापायांचा आकडा ६.७ वरून ६.९. मूठ २७, खुर्ची ११ सेकंद. रेघ अजून पूर्ण ओलांडलेली नाही. पण काटा एक ग्रॅमही हलला नसताना आतला माणूस बदलला होता. आईची कंबर चार सेंटीमीटरने उतरली. तिच्या रकान्यात शेरा आहे, 'ह्यांच्यापेक्षा जास्त.'

भुलू नका

आता थोडं सावधगिरीचं. स्कॅनचा धंदा जोरात आहे. एका जिममध्ये मला प्रिंटआउटवर माझं 'मेटाबॉलिक एज' ४६ दाखवलं आणि दोन मिनिटांत वर्षाचं पॅकेज पुढे केलं. ते वय कुठल्याही लॅबमध्ये तपासून आलेलं नसतं. कंपनीने आपल्या सूत्रात आपलेच आकडे घालून काढलेलं असतं. ते दुकानदाराचं वय समजा आणि सोडून द्या. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. आणि स्कॅन म्हणजे निदान नव्हे. अचानक वजन उतरलं, ताकद झपाट्याने गेली, तर डॉक्टरच लागतात.

शिवाय सगळ्यांनी स्कॅन करायलाच हवं असंही नाही. आई-बाबांकडे गेलात की तीन गोष्टी फुकट करून बघा. एक, खुर्ची. हातांची घडी, पाच वेळा उठ-बस, मोबाइलवर सेकंद मोजा. शेजारी उभे राहा, तोल जाऊ शकतो. दोन, पोटरी. सगळ्यात जाड भागावर टेप लावा. पुरुषांची ३४ आणि बायकांची ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोला. टेप नसेल तर जपानी युक्ती आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायचं आणि ते स्वतःच्याच पोटरीभोवती धरायचं. कडं सैल पडलं तर स्नायू कमी झाले असण्याची शक्यता. तीन, कंबर. ती का मोजायची ते आता तुम्हाला माहीत आहे. यात काही खटकलं तर मग स्कॅनला पैसे घाला.

आणि आपण?

हे सगळं आई-बाबांचं झालं. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून, ऑफिसात नऊ तास बसून आणि घरी येऊन सोफ्यावर 'रिलॅक्स' बसणाऱ्या आपलं काय? आपल्या डाएटचं एकच टार्गेट असतं, काटा खाली. उपाशी राहून तो खाली येतोही, पण उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूही असतात. वजन उतरवायची नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. त्यांनी उतरणाऱ्या वजनातही स्नायूंचा वाटा असतोच. म्हणून ती घेणाऱ्यांना डॉक्टर प्रथिनं आणि वजनाचा व्यायाम सांभाळायला सांगतात. त्यात आपण थिन-फॅट जातीचे. आपल्याकडे स्नायूंचं भांडवल मुळातच कमी, ते उधळायला परवानगी नाही.

बाबांनी मला हे त्यांच्या भाषेत सांगितलं. "शिवसागर पावसाच्या चार महिन्यांत भरतो. मग पुढच्या जूनपर्यंत तेच पाणी पुरवून पुरवून वापरायचं. मे महिन्यात धरण भरायला घेतलं तर कसं व्हायचं?" माझा पावसाळा चालू आहे, असं त्यांचं म्हणणं. चौतिसाव्या वर्षी. म्हणून आठवड्यातून तीन दिवस मी ऑफिसच्या जिममध्ये ट्रेडमिलच्या रांगेत न थांबता वजनांकडे जाते. तिथे गर्दी कमी असते आणि तिथल्या मुली बऱ्याच कमी. या, जागा आहे.

दादाला दुसऱ्या रिपोर्टचे फोटो पाठवले. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग एक एक्सेल शीट आली. त्यात बाबांचे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी, खाली ग्राफ आणि एक ओळ, 'पुण्याचा विषय एक वर्ष पुढे. चौतीस पायऱ्यांना कठडा बसवून घे, खर्च माझा.' कठडा बसलाय. बाबा तो धरत नाहीत, आई धरते. तिसरं स्कॅन दिवाळीनंतर आहे.